ठेवणें आणि जपणें

जुन्या वाड्याच्या तळघरांत मोहरांचा हंडा सांपडल्याच्या गोष्टी आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. युरोपांत अलीकडे असे प्रकार खरोखरच घडले आहेत; मात्र तेथें हंड्याऐवजीं मोटारगाडी सांपडते. वर्तमानपत्रें तिच्या किंमतीचा आंकडा ठळक अक्षरांत छापतात व वाचक थक्क होतो. परंतु या शोधांपासून घेण्याजोगा बोध त्या आंकड्यांत नाहीं, असें मला वाटतें.

फ्रान्सच्या पश्चिम भागांतील एक उदाहरण पाहा. मालवाहतुकीचा धंदा करणाऱ्या रोजे बायों नांवाच्या गृहस्थानें १९५० नंतरच्या काळांत जुन्या मोटारी जमविण्यास आरंभ केला. पुष्कळ सुंदर गाड्या त्या वेळीं मोडीच्या भावानें जात होत्या. त्या वांचवून त्यांचें संग्रहालय उभारावें, हा त्याचा हेतु खचित स्तुत्य होता. पुढें १९७० नंतरच्या दशकांत धंदा बसला, कांहीं गाड्या विकाव्या लागल्या, आणि उरलेल्या पत्र्याच्या छपरांखालीं व कोठारांत पडून राहिल्या. २०१४ सालीं लिलाव करणारी मंडळी तेथें पोहोंचली, तेव्हां सुमारें ६० गाड्या त्यांच्या दृष्टीस पडल्या. फेब्रुवारी २०१५ मध्यें पॅरिस येथें ५९ गाड्या विकल्या जाऊन २.५ कोटी युरोंहून अधिक रक्कम जमली. त्यांतील १ कोटी ६० लक्षांहून अधिक रक्कम १९६१ सालच्या एकट्या फेरारी गाडीची होती.

आतां या गाड्यांची अवस्था पाहा. फेरारी बंद खोलींत होती. तिच्यावर मासिकांचे गठ्ठे रचलेले असले, तरी तिचें अंग शाबूत राहिलें. उघड्या छपराखालच्या कित्येक गाड्यांचे मात्र गंजून सांगाडे झाले होते. यांत नवल तें काय? ओल लोखंडाला खाते, न फिरणाऱ्या एंजिनाचे दट्टे जागच्या जागीं अडकतात, टाकींतील पेट्रोल चिकट होतें, रबर तडकतें, चामड्यावर बुरशी चढते. मोटार भरधाव चालल्यानें झिजते, तशीच नुसती उभी राहिल्यानेंही मरते.

कोणी म्हणेल, “त्या गृहस्थानें त्या ठेविल्या नसत्या, तर तेवढ्याही उरल्या नसत्या.” हें म्हणणें खरें आहे, व त्याबद्दल त्याचें ऋण मानलेंच पाहिजे. परंतु ठेवणें ही जपण्याची पहिली पायरी होय. ती शेवटची नव्हे.

दुसरें उदाहरण इंग्लंडांतील न्यूकॅसल शहराचें. तेथील एका शस्त्रवैद्याच्या मृत्यूनंतर त्याच्या बंद गराजमध्यें १९३७ सालची बुगाटी गाडी निघाली. ती सुमारें ५० वर्षें तेथेंच उभी होती. २००९ सालीं ती ३४ लक्ष युरोंहून अधिक किंमतीला गेली. तिला एवढें मोल येण्याचें कारण केवळ तिचा दुर्मिळपणा नव्हे. तिचे मूळ भाग बव्हंशीं कायम होते, आणि ती कोणाकोणाकडे होती हें पहिल्या मालकापासून, म्हणजे अर्ल हाऊ या शर्यतपटूपासून, ठाऊक होतें. वस्तूबरोबर तिची हकीकतही टिकली होती.

आपल्या घरीं बुगाटी निघणार नाहीं. परंतु माळ्यावर आजोबांचें घड्याळ, आजीचें शिवणयंत्र किंवा एखादी मोडकी सायकल पुष्कळांच्या घरीं असेल. पालकांनीं ती वस्तु केवळ कुलुपांत न ठेवितां मुलांच्या हातीं द्यावी, तिला तेल कसें घालावें हें दाखवावें, आणि ती कोणी, केव्हां व कोणत्या कष्टानें घेतली हें सांगावें. विद्यार्थ्यांनींही तें ऐकून एका कागदावर लिहून ठेवावें. वस्तु चकचकीत करण्याची घाई करूं नये. घासून काढलेला मूळ रंग पुन्हां मिळत नाहीं. हें काम सुट्टीच्या एका दुपारीं होण्यासारखें आहे. मात्र सांगणारें माणूस घरांत आहे, तोंवरच तें करून घेतलें पाहिजे.