विश्लेषण : पदवीचं चौथं वर्ष करायचं की तिसऱ्यावरच थांबायचं?

बीए, बीएस्सी, बीकॉमच्या मुलांपुढे आता एक नवा प्रश्न आहे. तीन वर्षांची पदवी घेऊन बाहेर पडायचं, की आणखी एक वर्ष काढून ‘ऑनर्स’ व्हायचं? स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ ला प्रवेश घेतलेल्यांवर हा प्रश्न आधी आला. संलग्न महाविद्यालयांतली २०२४-२५ ची तुकडी २०२७ च्या उन्हाळ्यात त्याच वळणावर उभी असेल. गारगोटी, चंदगडकडच्या घरांत या एका वर्षाचा अर्थ खोलीभाडं, मेस आणि लांबणारी कमाई असा होतो.

नियम काय सांगतो?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांत किमान १२० श्रेयांक मिळवले की पदवी, चार वर्षांत १६० मिळवले की ऑनर्स. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के असतील तर ‘संशोधनासह ऑनर्स’ घेता येतं. त्यात १२ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प असतो. ऑनर्सनंतर पदव्युत्तर शिक्षण एका वर्षाचं, तीन वर्षांच्या पदवीनंतर मात्र दोन वर्षांचं.

म्हणजे बेरीज दोन्हीकडे पाचच! ‘एक वर्ष वाचतं’ असं कुणी सांगत असेल, तर ते खरं नाही. उलट तिसऱ्या वर्षानंतर एमएला गेलात आणि वर्षभरातच सोडावं लागलं, तरी पदव्युत्तर पदविका हाती येते. श्रेयांक आराखड्यात ती आणि ऑनर्स एकाच पातळीवर धरली आहेत. हे प्रवेशाच्या धांदलीत फारसं कुणी सांगत नाही.

मग फायदा कुणाला?

ज्याला संशोधनात जायचं आहे, त्याला. चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के असतील तर एमए, एमएस्सीशिवाय पीएच.डी.साठी पात्र ठरता येतं. आरक्षित प्रवर्गांना पाच टक्के सवलत आहे. असे विद्यार्थी पीएच.डी. प्रवेशासाठी २०२४ पासून नेटही देऊ शकतात. अमेरिकेतली बरीच विद्यापीठं सोळा वर्षांचं शिक्षण मागतात, तिथेही चौथं वर्ष कामी येतं. ब्रिटनची स्वतःची पदवी बहुतेक ठिकाणी तीनच वर्षांची, तिकडे जाणाऱ्याला त्याची तेवढी गरज नाही.

एमपीएससी, यूपीएससी, बँकेच्या परीक्षा, बी.एड., तीन वर्षांचं एलएलबी यांना साधी पदवी पुरते. कोल्हापुरातल्या अभ्यासिका ज्या मुलांनी भरलेल्या असतात, त्यांनी केवळ नावापुढे ऑनर्स लागावं म्हणून वर्ष घालवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. वयोमर्यादेचं गणित त्यांना कुणी शिकवायची गरज नाही.

महाविद्यालयाला काय विचाराल?

खरा पेच इथे आहे. कागदावरचं चौथं वर्ष आणि वर्गातलं चौथं वर्ष यात अंतर पडू शकतं. राज्यात प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या आहेत, बरेचसे वर्ग तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर चालतात. अशा विभागात वर्षभराचा प्रकल्प कोण तपासणार? म्हणून अर्ज भरण्याआधी विभागात जाऊन विचारा : तुमच्या विषयाच्या चौथ्या वर्षाला परवानगी आहे का, पीएच.डी.चे मान्यताप्राप्त मार्गदर्शक किती, प्रयोगशाळेत नेमकं काय मिळेल, आणि या विषयाचं एक वर्षाचं एमए किंवा एमएस्सी जवळपास कुठे आहे. शिष्यवृत्ती चौथ्या वर्षालाही चालू राहते का, तेही विचारा. उत्तरं गोलमाल आली, तर शिवाजी विद्यापीठाच्या पदव्युत्तर विभागात दोन वर्षांसाठी प्रवेश घेणं मला अधिक शहाणपणाचं वाटतं. प्रशस्त ग्रंथालय आणि प्रयोगशाळा तिथे मिळतात, शिवाय परिस्थिती बेताची असेल तर ‘कमवा आणि शिका’ योजनेचीही चौकशी करता येते.

दिल्ली विद्यापीठाने २०१३ मध्ये चार वर्षांची पदवी आणली आणि वर्षभरातच, २०१४ मध्ये, मागे घेतली. २०२२ ला ती पुन्हा आली. तेव्हा पहिल्या तुकड्यांनी जरा सावध राहिलेलं बरं. मार्गदर्शक चांगला असेल, विषयाची ओढ असेल, घरून वर्षभराचा खर्च झेपणार असेल, तर मात्र बिनधास्त थांबा. नसेल, तर तीन वर्षांची पदवी घ्या. श्रेयांक तुमच्या शैक्षणिक श्रेयांक बँकेत जमा राहतातच.