पोस्टरवरची तलवार

शिवजयंतीला चार दिवस उरले की माझ्या वर्कशॉपमध्ये इतिहासाला ऊत येतो. बाकी वर्षभर मी बारामतीत उसाच्या ट्रॉल्यांना वेल्डिंग मारतो, गेट-ग्रील करतो. फेब्रुवारीत मात्र पार इंदापूरपर्यंतची मंडळं गाड्या काढून येतात आणि मोबाईल माझ्या नाकासमोर धरतात. "मिस्त्री, सेम अशी पाहिजे." मोबाईलवर सिनेमाचं पोस्टर. मुठीला सिंहाचं तोंड, पात्यावर आगीच्या ज्वाळा, आणि परज अशी की आत चार बोटं जायची नाहीत.

एका वर्षी इंदापूरच्या पोरांना म्हटलं, दोन महिने द्या. आधी खरी बघू, मोजू, मग ठोकू. पोरं हसली. मोजायचं काय त्यात, म्हणाली, तलवार तर आहे! दुसरीकडं जाऊन सहा मिलिमीटरच्या पत्र्यातून लेझर कटिंगवर कापून आणली, वर पितळी मूठ बसवली आणि मुद्दाम मला दाखवायला आली. मी काट्यावर टाकली. तीन किलो चारशे.

"वजनदार झालीय ना, काका?"

झालीय. पहारही वजनदार असते.

खरी तलवार, म्हणजे फिरंग, मुठीसकट साधारण सव्वा किलोच्या आसपास भरते. लढणाऱ्याला ती दिवसभर हातात धरायची होती, मिरवणुकीत दहा मिनिटं नाही. तिचं पातं मुठीपाशी पाच-सहा मिलिमीटर जाड असतं आणि पिपळ्याकडं, म्हणजे टोकाकडं, जाता जाता दोन-तीनावर येतं. वर लांब पन्हळ काढलेली असते, तिनं वजन घटतं आणि ताठपणा राहतो. लेझर मशीनला हे कळत नाही. पत्रा इथून तिथून सहाच. पण व्यासपीठावर साठ-साठ किलोच्या तलवारींची भाषणं ठोकणाऱ्यांना कोण सांगणार? साठ किलोचं सिमेंटचं पोतंसुद्धा नसतं हो, तेही पन्नासचं येतं.

आता झोंबणारं बोलतो. ही फिरंग म्हणजे मूठ आपली, पातं साहेबाचं. पुष्कळ पाती जर्मनीतल्या झोलिंगेनची, काही इटलीची, काही स्पेनची. समुद्रावरून आली, गोव्या-कोकणातून वर चढली. नावातच सांगितलंय, फिरंग. तरी मंडळाच्या बैठकीत हे बोललो तर माझ्याकडं असं बघतात, जणू मीच परवा झोलिंगेनहून उतरलो. लंडनच्या राजघराण्याच्या संग्रहात शिवरायांची मानली जाणारी जी जगदंबा तलवार आहे, जी १८७५-७६ साली करवीरच्या छत्रपतींकडून वेल्सच्या राजपुत्राकडं गेली, तिच्या पात्यावर येशूच्या नावाची 'आयएचएस' ही अक्षरं आहेत. २०२५ साली सरकारनं लिलावात ४७ लाख १५ हजार रुपये मोजून नागपूरकर रघूजी भोसल्यांची तलवार आणली. पातं युरोपी, त्यावर सोन्यात देवनागरी अक्षरं. सगळ्यांनी स्टेटस ठेवले. पात्याची ओळ वाचली किती जणांनी? शिवरायांना चांगलं लोखंड कुठं मिळतं याची अक्कल होती, म्हणून बाहेरचं पातं कमरेला लावताना त्यांना कमीपणा वाटला नाही. तो कमीपणा आज यांना वाटतो.

बरं, पात्यावर छाप दिसला म्हणजे गाव कळलं असंही नाही. पळत्या लांडग्याचा छाप मूळचा पासाऊच्या लोहारांचा. झोलिंगेनवाल्यांनी तो उचलला. याच झोलिंगेनवाल्यांनी इटलीच्या अँद्रेया फेराराचं नाव स्वतःच्या पात्यांवर सर्रास ठोकलं. आणि आपले लोहार काय मागं राहणारे? त्यांनी फिरंग्यांचे छाप आपल्या पात्यांवर उमटवले. चारशे वर्षांपूर्वीही ब्रँड विकला जात होता. म्हणून म्हणतो, नुसत्या छापावर जाऊ नका. पन्हळ कुठं सुरू होते, कुठं संपते, पाठ किती जाड, हे बघा.

माझं स्वतःचं वेड आखूड पात्याचं. जर्मन भाडोत्री शिपाई कमरेला आखूड, रुंद काट्झबाल्गर लावायचे, इंग्रजी 'एस'सारखी वळलेली परज असायची तिला. ती करायची म्हणून वाचायला लागलो आणि वाचता वाचता घरीच येऊन पोचलो. कारण लांब जर्मन पातं मोडलं तर दक्षिणेत कुणी ते भंगारात टाकत नव्हतं. त्याची कट्यार व्हायची. तंजावरच्या शस्त्रागारात अशा कट्यारी होत्या. शस्त्रागार नायकांच्या काळापासूनचं, मग १६७५ च्या सुमारास ते व्यंकोजीराजांकडं आलं. व्यंकोजी कोण? इंदापूरच्या लढाईत पडलेल्या मालोजीराजांचा नातू. आणि व्यंकोजीचा मामा संभाजी मोहिते आमच्या तालुक्यातल्या सुप्याचा, ज्याला शिवरायांनी शिमग्याची पोस्त मागायला जाऊन कैद केलं. झोलिंगेन ते सुपे, एवढं जवळ. पुढं इंग्रजांनी ते शस्त्रागार मोडीत काढलं. थोड्या चिजा संग्रहालयांत वाचल्या, बाकीचं लोखंड झालं.

पहिली कट्यार मीही गाढवासारखीच केली, कबूल करतो. ट्रकचा कमानपाटा घेतला, घासला, पाणी दिलं आणि पन्हळ टोकाच्या दोन बोटं अलीकडं छान गोल करून संपवली. देखणी झाली. आणि साफ चुकली. मोडक्या तलवारीला नवं टोक घासून काढलेलं असतं, त्यामुळं पन्हळ थेट टोकात घुसते आणि मध्येच कापल्यासारखी राहते. बुडाशी पातं दोन पट्ट्यांच्या मध्ये धरून रिबिट मारलेले असतात. हे मला फोटो मोठा करून करून कळलं. ती कट्यार आता भिंतीवर आहे, गिऱ्हाईक नावाजतं तेव्हा मी मान खाली घालतो.

फोटोवरूनच का? कारण आपल्याकडच्या एका संग्रहालयात गेलो तर काचेआड पाटी होती, 'कट्यार. लोखंड. १७ वे शतक.' संपलं. लांबी नाही, वजन नाही, पातं कुठलं ते नाही. जाडी मोजू का विचारलं, तर म्हणाले अर्ज करा. केला. दोन वर्षं झाली. न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन संग्रहालय मात्र कट्यारीची लांबी आणि ग्रॅममधलं वजन जगाला फुकट सांगतं. माझ्या आज्याच्या मुलखातली चीज मी बारामतीत बसून अमेरिकेकडून मोजतोय, आणि इथले रखवालदार काच पुसतायत, तीही आतून नाही.

पोरांवर मग किती चिडायचं? त्यांना पोस्टर सहज मिळतं, पातं मिळत नाही. तरी चिडतोच. गल्लीतल्या दादाच्या वाढदिवसाचा केक असल्या पट्टीनं कापायचा आणि दुसऱ्या दिवशी शस्त्र कायद्याखाली ठाण्यात उकिडवं बसायचं, याला वारसा म्हणवत नाही माझ्यानं. मी करतो त्याला धार नसते, पण वजन खरं असतं.

यंदा फेब्रुवारीत इंदापूरची ती पोरं परत आली. म्हटलं, अक्कल आली असेल. तर त्यांची तीन किलो चारशेची तलवार मिरवणुकीत कुणीतरी दोन वेळा फिरवली होती आणि मुठीपाशी टाका सुटला होता. "काका, तेवढा टाका मारून द्या." मारून दिला. पन्नास रुपये घेतले.