लावून विसरण्याचे पीक नव्हे : नाताळाच्या झाडाच्या शेतीपासून घ्यावयाचा धडा

अलीकडे शेतकरी बंधूंना वृक्षशेतीविषयी पुष्कळ सांगितले जाते. चंदन, बांबू, महोगनी अशा झाडांची रोपे घेऊन विक्रेते गावोगाव येतात आणि एकदा लावा, दहा-बारा वर्षांनी एकदम पैसे मोजा, असे आश्वासन देतात. झाड आपोआप वाढते, त्यास ना खुरपणी लागते ना राखण, अशी समजूत त्यामुळे दृढ होते. प्रस्तुत लेखकाच्या मते ही समजूत शेतकऱ्यास फार महाग पडणारी आहे. ज्वारीच्या पिकात चूक झाली तर ती चार महिन्यांत कळते व पुढील हंगामात सुधारता येते. झाडाच्या पिकात झालेली चूक आठ-दहा वर्षांनी उघडकीस येते. तेव्हा गेलेली वर्षे कोणतीही योजना परत आणून देऊ शकत नाही. म्हणून, जेथे कुटुंबेच्या कुटुंबे झाडाचे पीक काढून संसार चालवितात, तेथील रीत समजून घेणे हिताचे ठरेल. असे एक उदाहरण म्हणजे अमेरिकेतील नाताळाच्या झाडांची शेती होय.

नाताळात घरात हिरवे झाड उभारून ते सजविण्याची चाल आपल्याकडेही वसई, मुंबई व गोवा येथील ख्रिस्ती कुटुंबांत आहे. तेथे सुरूची फांदी किंवा कुंडीतील अरौकारिया वापरतात. अमेरिकेत मात्र ह्यासाठी दरवर्षी सुमारे अडीच ते तीन कोटी खरी झाडे विकली जातात, आणि ती रानातून तोडलेली नसून बहुतेक सर्व शेतात लावलेली असतात. ह्या पिकात ऑरेगन राज्याचा क्रमांक पहिला आणि नॉर्थ कॅरोलिनाचा दुसरा लागतो. नॉर्थ कॅरोलिनाच्या पश्चिमेकडील ॲपलाचियन डोंगरात, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,००० फुटांहून अधिक उंचीवर, फ्रेझर फर नावाचे सूचिपर्णी झाड लावतात. त्याची पाने मऊ असतात, फांद्या बळकट असतात आणि तोडल्यावरही पाने दीर्घकाळ गळत नाहीत. म्हणून ग्राहक त्यास पसंती देतो.

हे पीक किती काळाचे आहे ते प्रथम पाहू. बी पेरल्यापासून रोप शेतात लावण्याजोगे होईपर्यंत रोपवाटिकेतच ४ ते ५ वर्षे जातात. त्यानंतर सहा-सात फूट उंचीचे विक्रीयोग्य झाड होण्यास शेतात आणखी ७ ते १० वर्षे लागतात. पाच-पाच फूट अंतराने लागवड केल्यास एकरी सुमारे १,७४० रोपे बसतात. सण वर्षातून एकदा येतो व विक्री पाच-सहा आठवड्यांत आटोपते. परंतु काम मात्र बाराही महिने चालते.

जानेवारी-फेब्रुवारीत बर्फ व गारठा असतो. तोडलेल्या झाडांचे बुंधे काढणे वा जमिनीलगत कापणे, अवजारांची दुरुस्ती आणि गेल्या वर्षाचे हिशेब ही कामे ह्या काळात उरकतात. नव्याने लावावयाच्या तुकड्याचे माती परीक्षण आधीच केलेले असते, कारण चुना व स्फुरद जमिनीत फार सावकाश खाली उतरतात. लागवडीपूर्वी ते मातीत मिसळले नाहीत तर झाडे उभी राहिल्यावर ती उणीव भरून काढणे कठीण होते.

मार्च-एप्रिलमध्ये रोपे लावतात. मे महिन्यात कोवळी पालवी फुटते, आणि त्याच वेळी उशिरा पडलेल्या दहिवराने ती करपण्याची भीती असते. म्हणून थंड हवा जेथे साचून राहते अशा खोलगट जागा जाणते शेतकरी टाळतात. वसंताच्या अखेरीस झाडांवर लहान शंकू धरू लागतात. ते वाढू दिले तर झाडाची शक्ती फांद्यांऐवजी बियांत खर्च होते. म्हणून कुटुंबातील माणसे ओळीओळीने फिरून ते हाताने खुडतात. भाराच्या वर्षी एकेका झाडावर शेकडो शंकू असतात, हे ध्यानात घेतले म्हणजे ह्या कामाची कल्पना येईल.

उन्हाळ्यात किडींची पाहणी असते. मावा व लाल कोळी ह्यांचा उपद्रव होतोच. पण सर्वांत घातक असते ती खोडावर पांढऱ्या कापसासारखी दिसणारी, आपल्या उसावरील लोकरी माव्याची आठवण करून देणारी कीड. ही मूळची युरोपातील. १९५७ साली ती माउंट मिचेल ह्या शिखरावर आढळली आणि पुढील काळात डोंगरमाथ्यावरील फ्रेझर फरची जुनी वने तिने मोठ्या प्रमाणावर नष्ट केली. शेतकरी ठराविक दिवसांनी भिंग घेऊन झाडे तपासतो आणि कीड खरोखर हानिकारक प्रमाणात असेल तरच औषध फवारतो. ओळींच्या मधील गवत समूळ न काढता, लसूणघासाच्या कुळातील पांढरे क्लोव्हर तेथे वाढू देतात. त्यामुळे माती वाहून जात नाही, हवेतील नत्र जमिनीत येते आणि किडी खाणाऱ्या मित्रकीटकांस आश्रय मिळतो.

जुलैपासून छाटणी सुरू होते. नाताळाच्या झाडाचा शंकूसारखा आकार निसर्गाने दिलेला आहे असे पाहणाऱ्यास वाटते. वस्तुतः तो बऱ्याच अंशी माणसाच्या हाताचा असतो. लांब पात्याच्या सुऱ्याने, पायास संरक्षक पट्टा बांधून, प्रत्येक झाड चहूबाजूंनी छाटावे लागते. दोन शेंडे फुटले असतील तर एकच ठेवतात आणि तोही सुमारे १० ते १४ इंचांवर कापतात, म्हणजे झाड विरळ न होता भरदार होते. शेतात तिसरे-चौथे वर्ष लागल्यावर सुरू झालेले हे काम दरवर्षी करावे लागते. फरची छाटणी जुलैनंतर चालते. पाइनची मात्र उन्हाळ्याच्या आरंभी, नवी वाढ कोवळी असतानाच करावी लागते. जात बदलली की कामाचा महिनाही बदलतो. एक वर्ष छाटणी चुकली तर झाड मरत नाही; पण त्याची प्रत उतरते, आणि ती उतरलेली प्रत पुढे विक्रीच्या दिवशी पैशाच्या रूपाने समोर उभी राहते.

पानगळीच्या आरंभी झाडांची मोजणी व प्रतवारी करून उंचीनुसार रंगीत फिती बांधतात. नोव्हेंबरच्या सुरुवातीस तोडणी सुरू होते. झाडे जाळीत आवळून सावलीत रचतात आणि मालमोटारींनी दूरच्या शहरांस पाठवितात. मोठ्या शेतांवर ह्या कामास मेक्सिकोतील हंगामी मजूर बोलावतात. लहान कुटुंबे बहुधा दुसरी रीत पत्करतात : नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येणाऱ्या आभारदिनानंतर ग्राहक मुलाबाळांसह स्वतः शेतात येतो, झाड निवडतो व तोडून नेतो. अशा विक्रीत मध्यस्थ नसतो. खालच्या फांद्यांच्या डहाळ्यांची वर्तुळाकार तोरणे घरच्या स्त्रिया करतात, आणि कमी प्रतीच्या झाडांचाही असा उपयोग होतो.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. एवढे कष्ट करूनही ही शेती कोठे फसते? प्रस्तुत लेखकास त्याची दोन कारणे दिसतात.

पहिले कारण जमिनीची निवड. फ्रेझर फरला फायटोफ्थोरा बुरशीमुळे होणारी मूळकूज फार लवकर जडते. नागपुरी संत्र्याच्या बागाईतदारांस हे नाव नवे नाही. त्यांच्या बागेतील डिंक्या रोग ह्याच वर्गातील बुरशीमुळे होतो. पाणी साचणाऱ्या जमिनीत ती झपाट्याने पसरते. रोगट झाड बरे करण्याचा उपाय नाही, आणि एकदा जमिनीत शिरलेली बुरशी वर्षानुवर्षे तेथेच राहते. जपानी मोमी फरसारख्या प्रतिकारक्षम खुंटावर कलम करण्याचा मार्ग आहे. पण त्याने रोपाचा खर्च वाढतो. म्हणून ज्या तुकड्यात निचरा नाही त्यात हे झाड लावूच नये, हाच स्वस्त उपाय होय. लागवड करू नका असे सांगणारा विस्तार कार्यकर्ता अप्रिय होतो खरा, परंतु तो त्या कुटुंबाची दहा वर्षे वाचवितो.

दुसरे कारण म्हणजे सर्वांनी एकाच वेळी एकच गोष्ट करणे. भाव चढला की सगळे लागवड वाढवितात. माल तयार होतो तेव्हा बाजार भरून गेलेला असतो. सन २००० नंतरच्या दशकात अमेरिकेत असेच झाले. झाडे अधिक झाली, त्यातच २००८ च्या मंदीची भर पडली, आणि अनेकांनी नवी लागवड कमी केली किंवा धंदाच सोडला. त्याचा परिणाम सुमारे आठ वर्षांनी दिसला : २०१६ नंतर झाडे कमी पडू लागली व भाव चढले. ज्यांनी पडत्या काळातही थोडी थोडी लागवड चालू ठेवली होती त्यांच्याजवळच तेव्हा विकण्यास माल होता. दसऱ्याच्या संध्याकाळी बाजारात टाकून दिलेला झेंडू ज्याने पाहिला आहे त्यास हे निराळे समजावून सांगावयास नको. झेंडूवाला निदान पुढील वर्षी पीक बदलू शकतो. झाडवाल्यास तीही सोय नाही.

ह्यावर कुटुंबाने धरावयाची वाट एकच : दरवर्षी थोडे लावावे, दरवर्षी थोडे तोडावे. समजा, एखाद्या कुटुंबाची १० एकर जमीन आहे आणि झाड शेतात ९ वर्षे राहते. तर त्याने दरसाल एकच एकर लावावा. दहाव्या वर्षापासून दरसाल एक एकर तोडणीस येतो व तोडलेला एकर एक वर्ष हिरवळीच्या पिकाखाली विश्रांती घेतो. अशा शेतात कधी अमाप पैसा येत नाही, पण कधी हात रिकामाही राहत नाही. मजुरीचा ताण दरवर्षी सारखा राहतो आणि वाढत्या मुलांस प्रत्येक वयाच्या झाडाचे काम शिकता येते. निसर्गाचा कोप झाला तरी सर्वस्व एका तडाख्यात जाण्याचा संभव कमी होतो. २०२४ च्या सप्टेंबर अखेरीस हेलेन चक्रीवादळाच्या पावसाने नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरात दरडी कोसळल्या, रस्ते वाहून गेले आणि काही शेतांतील झाडे उतारासकट नाहीशी झाली. तोडणीस तेव्हा जेमतेम सहा आठवडे उरले होते. सारी लागवड एकाच वयाची आणि एकाच उतारावर असती तर अशा वेळी काय उरले असते, ह्याचा विचार प्रत्येकाने करावा.

दहा वर्षे उत्पन्नाविना कसे काढावयाचे, असा आक्षेप येथे घेतला जाईल. तो रास्त आहे. म्हणूनच सर्व जमीन झाडाखाली आणू नये, पहिली वर्षे दुसऱ्या पिकाच्या आधारावर काढावीत, आणि तो आधार नसेल तर झाडाच्या वाटेस जाऊ नये, असे लेखकाचे स्पष्ट मत आहे.

फ्रेझर फर आपल्या हवामानाचे झाड नाही, आणि ते येथे आणावे असे सुचविण्याचा ह्या लेखाचा हेतू नाही. परंतु गावात कोणी कोणतेही झाड लावावयास निघाला तर ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने त्याच्या बांधावर बसून पाच प्रश्न अवश्य विचारावेत. पावसाळ्यात ह्या तुकड्यात पाणी किती दिवस उभे राहते? पहिले उत्पन्न येईपर्यंत घर कशावर चालेल? दर महिन्याचे काम कोण करील? यंदा किती लावणार आणि पुढील वर्षी किती? तयार माल कोण, कोठे, कोणत्या भावाने घेणार, आणि ते लेखी आहे काय?

ह्या पाचही प्रश्नांची उत्तरे मिळाली तर खुशाल रोपे आणावीत. एका प्रश्नाचेही उत्तर अडले तर विक्रेत्याची मोटार रिकामी परत जाऊ द्यावी. तिला आणखी फेऱ्या करता येतील. शेतकऱ्याच्या हाती मात्र दहा वर्षांचा असा डाव आयुष्यात फार तर तीन-चार वेळा येतो.