एक पौवा म्हणजे किती प्याले?

वाराणसीच्या लंका भागातील एका परिचित फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात अलीकडेच मी एक सकाळ घालवली. पोटदुखी घेऊन आलेल्या ई-रिक्षाचालकाला त्यांनी विचारले, ‘‘दारू घेता?’’ उत्तर आले, ‘‘नाही डॉक्टरसाहेब, कधीतरी एखादा पौवा.’’

पौवा म्हणजे १८० मिलिलिटर. ४२.८ टक्के मद्यार्काची व्हिस्की असेल, तर त्यात सुमारे ६० ग्रॅम शुद्ध मद्यार्क भरतो. जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ प्रश्नावली १० ग्रॅमला एक प्याला मानते. तो ‘एखादा’ पौवा सहा प्याल्यांचा झाला. आणि एका बैठकीत सहा वा अधिक प्याले किती वेळा होतात, हाच ऑडिटचा तिसरा प्रश्न आहे.

आपल्या अनेक डॉक्टरांना ठाऊक असते ती ‘केज’. अमेरिकेतील डॉ. जॉन युइंग यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेले हे चार प्रश्न: दारू कमी करावीशी वाटली का, लोकांच्या टीकेने चीड आली का, अपराधी वाटले का, सकाळी उठताच घ्यावी लागली का. एका मिनिटात काम होते. मात्र किती आणि केव्हा, हे केज विचारतच नाही; दहा वर्षांपूर्वी दारू सोडलेला मनुष्यही तीत अडकतो. शिवाय आपल्याकडे वर्षातून दोनदा पिणाऱ्यालाही आईला कळले की अपराधी वाटते. तेथे आजाराऐवजी लोकलज्जाच मोजली जाते.

ऑडिटचे प्रश्न दहा, गुण ४०. आठपासून पुढे सावधगिरीचा इशारा. व्यसन जडण्याआधीचा टप्पा ती पकडते, म्हणून माझा कौल तिला. गर्दीच्या दवाखान्यात तिचे पहिले तीन प्रश्न, म्हणजे ‘ऑडिट-सी’, पुरेसे आहेत.

पकडून पुढे काय, असा आक्षेप रास्तच आहे. त्याचे उत्तर गोव्यात मिळते. तेथील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत ऑडिटमध्ये १२ ते १९ गुण मिळालेल्या पुरुषांना, डॉक्टर नसलेल्या प्रशिक्षित समुपदेशकांनी मोजक्या भेटींत साह्य केले. तीन महिन्यांनी त्यांपैकी ३६ टक्के सावरले होते. नेहमीच्या उपचारांच्या गटात हे प्रमाण २६ टक्के होते. उलट २०१९च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार दारूच्या आहारी गेलेल्या ३८ भारतीयांपैकी एकालाच कोणताही उपचार मिळतो.

आणि सरकार काय विचारते? आशा कार्यकर्ती तिशीपुढील व्यक्तींसाठी घरोघरी जो ‘सीबॅक’ तक्ता भरतात, त्यात प्रश्न आहे: रोज मद्यपान करता का? शनिवारी दोन पौवे रिचवणारा प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणेल. बहुधा बायकामुलांसमोर, हेही आलेच. हा प्रश्न वगळून तेथे ऑडिट-सीचे तीन प्रश्न, स्थानिक मापांसह, घालणे खर्चाचे नाही. (काशीत परवानाधारक दुकानांतून मिळणाऱ्या भांगेबद्दल तर ऑडिटही मौन पाळते, त्यासाठी संघटनेचीच ‘असिस्ट’ प्रश्नावली आहे, पण ती लांबलचक.)

आमच्या डॉक्टरांनी आता टेबलावर पौवा, अद्धा आणि बिअर अशा तीन रिकाम्या बाटल्या मांडल्या आहेत. ‘‘यांतली कोणती?’’ एवढेच ते विचारतात, आणि रुग्ण बोट दाखवतो.