विश्लेषण: अपघाताआधीचे ५ सेकंद की २०? गाडीतला ‘ब्लॅक बॉक्स’ नेमकं काय लक्षात ठेवतो?

अपघात झाला की पहिला वाद ठरलेला: ब्रेक दाबला होता की नव्हता? अमेरिका आणि युरोपातल्या बहुतेक नव्या गाड्यांमध्ये याचं उत्तर एका मेमरी चिपमध्ये मिळू शकतं. एअरबॅगच्या कंट्रोल युनिटमध्ये असलेली ही यंत्रणा म्हणजे इव्हेंट डेटा रेकॉर्डर, थोडक्यात ‘ईडीआर’. आतापर्यंत अमेरिकी नियमानुसार तिने धडकेआधीच्या ५ सेकंदांची नोंद, सेकंदाला २ वेळा, ठेवली तरी पुरत होतं. डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्या ‘एनएचटीएसए’ या रस्ते सुरक्षा यंत्रणेने अंतिम नियम जाहीर केला: २० सेकंद, आणि सेकंदाला १० वेळा.

धडक होणार हे चिपला आधी कसं कळतं?

कळत नाहीच. गाडी चालू असताना वेग, ॲक्सिलरेटर, ब्रेक यांच्या नोंदी सतत लिहिल्या जातात. जागा भरली की नवी नोंद सगळ्यात जुनीवर बसते, सीसीटीव्हीचा डीव्हीआर जुनं फुटेज पुसतो तसं. मग गाडीच्या वेगात १५० मिलिसेकंदांच्या आत ताशी ८ किलोमीटरचा फरक पडला, की ‘ट्रिगर’ बसतो आणि तोवरचा तुकडा जपून ठेवला जातो.

इंजिनीअरिंगच्या लॅबमधला डिजिटल ऑसिलोस्कोप असाच चालतो. ट्रिगरच्या आधीचं किती आणि नंतरचं किती ठेवायचं, हे त्यात ठरवता येतं. अडचण मेमरीची. सेकंदाला १ अब्ज नमुने घेतले, तर १ कोटी नमुन्यांची मेमरी सेकंदाच्या शंभराव्या भागात भरते. जास्त वेळ पकडायचा तर नमुने विरळ घ्या, नाहीतर मेमरी वाढवा. गाडीच्या बाबतीत मेमरी वाढवण्याचा मार्ग निवडला गेला: जिथे साधारण १० नोंदी होत्या, तिथे आता सुमारे २००.

चर्चा २० सेकंदांची झाली, पण खरी सुधारणा त्या ‘१० वेळा’मध्ये आहे. ताशी १०० किलोमीटरने जाणारी गाडी अर्ध्या सेकंदात जवळपास १४ मीटर पुढे जाते. त्या मधल्या वेळात चालकाने ब्रेक दाबून सोडला, तर जुन्या पद्धतीत त्याचा पत्ताही लागला नसता. आता हे अंतर ३ मीटरच्या आत येतं. आणि या नोंदींवर बरंच काही ठरतं. टोयोटा गाड्या आपोआप वेग घेतात, अशा तक्रारींवरून २०१० मध्ये ५८ गाड्यांचे रेकॉर्डर तपासले गेले. त्यातल्या ३५ मध्ये ब्रेक दाबल्याची नोंदच नव्हती.

मग हा डेटा कोणाचा?

अमेरिकेत २०१५ च्या कायद्यानुसार गाडीमालकाचा. इतरांना सहसा त्याची संमती किंवा कोर्टाचा आदेश लागतो. मात्र तिथे ईडीआर बसवण्याची सक्ती नाही, बसवला तर नियम लागू. युरोपीय संघात जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या कारमध्ये तो बंधनकारक आहे, पण तारीख, ठिकाण आणि चॅसी नंबरचे शेवटचे चार अंक नोंदवायला मनाई आहे. म्हणजे धडकेचा तपास होईल, पण माणसाचा माग निघणार नाही.

एक गोष्ट सहज निसटते. एअरबॅग उघडली तर नोंद कायमची लॉक होते. न उघडलेल्या किरकोळ धडकेची नोंद मात्र पुढच्या धडकेत पुसली जाऊ शकते. आणि गॅरेजमध्ये एअरबॅगचं युनिट बदललं, की लॉक झालेली नोंदही त्या जुन्या युनिटसोबतच गाडीतून जाते.