मुद्दलाला हात न लावता

तुवालूचं नाव आपल्याकडे बातमीत येतं ते बुडणारा देश म्हणून. 2021 मध्ये त्यांचे मंत्री सायमन कोफे गुडघाभर समुद्रात उभं राहून बोलले, तो फोटो अनेकांना आठवत असेल. पण तिथली चूल कशावर पेटते हे कुणी विचारत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. तो संसार बघण्यासारखा आहे.

नऊ बेटं, सगळी मिळून 26 चौरस किलोमीटर जमीन, माणसं साधारण 11 हजार. नदी एकही नाही. प्यायला छपरावरून टाकीत उतरवलेलं पावसाचं पाणी. 1978 मध्ये स्वातंत्र्य मिळालं तेव्हा विकायला खोबरं आणि टपाल तिकिटं, एवढंच.

मग होतं ते भाड्याने दिलं. त्यांच्या समुद्रात परदेशी जहाजं ट्यूना धरतात. तुवालूसह आठ देश एक झाले आणि त्यांनी मासेमारीच्या एका दिवसाचा किमान दर ठरवला: 8 हजार अमेरिकी डॉलर. इंटरनेटच्या पत्त्यात देशाच्या वाट्याला ‘टीव्ही’ ही अक्षरं आली, तीही भाड्याने दिली. 2000 मध्ये संयुक्त राष्ट्रांत शिरायचा खर्च त्यातूनच निघाला. पोरं अमातुकू बेटावरच्या शाळेत खलाशाचं काम शिकून मालवाहू जहाजांवर जाऊ लागली, आणि मागे राहिलेली घरं त्यांच्या पैशावर चालू लागली. मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरवर चाललेल्या कोकणातल्या घरात मी वाढलो. त्या पैशाची वाट बघणं काय असतं, ते मला सांगावं लागत नाही.

सगळ्यात आवडतो तो त्यांचा 1987 चा निधी. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, ब्रिटन यांच्या मदतीने सुमारे 2 कोटी 70 लाख ऑस्ट्रेलियन डॉलर बाजूला टाकले आणि नियम केला: महागाईचा हिशेब धरून मुद्दल शाबूत राहिलं, तरच वरचं काढायचं. जुन्या बायका घर असंच चालवायच्या.

हीच शिस्त पुलाकाच्या खड्ड्यात दिसते. पुलाका म्हणजे अळूच्या कुळातला मोठा कंद. प्रवाळाची जमीन खोल खणत जायचं, खाऱ्या पाण्यावर तरंगणारा गोड्या पाण्याचा थर लागेपर्यंत. तळाशी कंद लावायचा, बुंध्याभोवती झाडांचा पाला रचत राहायचं. कुठला पाला, कधी, हे घराघरातलं गुपित. बाहेर सांगत नाहीत. आता खालून खारं पाणी चढतं, पानं पिवळी पडतात, आणि लोक बोटीने आलेला तांदूळ शिजवतात. पिढ्यांनी हातांनी खणलेला खड्डा डोळ्यांदेखत नासतो, हे मला त्या फोटोपेक्षा जास्त लागतं.

2023 मध्ये ऑस्ट्रेलियाशी करार झाला, नाव ‘फालेपिली’. शेजाऱ्याला घरच्यासारखं बघणं, म्हणजे आपला शेजारधर्मच. त्यानुसार वर्षाला 280 जणांना सोडतीने तिकडे कायम राहण्याचा परवाना मिळतो. 2025 च्या पहिल्या सोडतीला कुटुंबीय धरून 8 हजारांहून जास्त नावं आली. याला पळ काढणं म्हणणाऱ्यांशी मी भांडेन. त्या परवान्यावर हवं तेव्हा परत येता येतं. राजधानी फुनाफुतीच्या धावपट्टीवर संध्याकाळी पोरं खेळतात, विमान यायचं झालं की भोंगा वाजतो आणि सगळी बाजूला होतात. त्या विमानातून माणसं जातील, तशी उतरतीलही. कुणीतरी खड्ड्यात पाला टाकायला हवा.