शब्द उसना म्हणून वस्तूही उसनी?

'शाल' फारसी, 'सकलाद' फारसी. तेव्हा लोकरीचे वस्त्रच महाराष्ट्राला सुलतानी-मोगली दरबारांनी दिले, असा युक्तिवाद वारंवार केला जातो. व्युत्पत्ती खरी आहे. निष्कर्ष खोटा आहे.

इंदुरीचेच उदाहरण घ्यावे. येथे इंद्रायणीकाठी सेनापती दाभाड्यांची गढी आहे. खंडेराव दाभाडे यांना शाहू महाराजांनी १७१७ मध्ये सेनापतिपद दिले. अशा मातब्बर घराण्यांच्या व्यवहारात शाल, सकलाद, बनात हे शब्द येणारच. ही मानाची, विकत आणलेली किंवा बक्षीस मिळालेली वस्त्रे. मान आणि किंमत या दोहोंची नोंद कागदावर ठेवावीच लागते. (सकलाद तर दूरवर फिरलेला शब्द; इंग्रजीतील 'स्कार्लेट' त्याच्याच गोतावळ्यातला मानला जातो.)

गढीच्या तटाबाहेर मात्र, मावळच्या पावसात, शेतकऱ्याच्या डोक्यावर सकलाद नव्हे, घोंगडीची खोळ असे. दख्खनी मेंढीची राठ लोकर धनगराने कातरायची, तिचे सूत काढायचे, सणगराने ते मागावर विणायचे आणि चिंचोक्याची खळ द्यायची. यात दरबार कोठे आला?

आता याच वस्त्राचे शब्द पाहावेत. घोंगडीला तेलुगूत 'गोंगडी' म्हणतात. कांबळ्याचा 'कंबल' थेट अथर्ववेदात आढळतो. बुद्धाच्या समकालीन अजिताला 'केशकंबली' हे नाव केसांच्या कांबळ्यावरूनच मिळाले. कन्नडमध्ये तोच शब्द 'कंबळी' होतो आणि तेथून पुढे इंग्रज व्यापाऱ्यांच्या तोंडी 'कम्ब्ली'. म्हणजे फारसी दरबार दख्खनेत येण्याच्या कितीतरी आधीपासून लोकरीच्या वस्त्राला येथे नाव होते.

याचा अर्थ सारे शब्द संस्कृतोद्भव ठरवण्याची घाई करणाऱ्यांनीही आनंदून जाऊ नये. संस्कृत 'ऊर्णा'पासून हिंदीत 'ऊन' आले, इंग्रजी 'वुल' त्याच कुळातले. मराठीत मात्र ऊन म्हटले की सूर्य आठवतो आणि मेंढीच्या अंगावर असते ती लोकर. घोंगडीचे सोयरे शोधायचे तर तेलंगणातील कुरुमांच्या मागांकडे जावे लागते.

दप्तरांत जे लिहिले गेले तेवढेच नेसले-पांघरले गेले, असे मानणाऱ्यांनी एक करावे. घोंगडी भिजली की लवकर वाळत नाही, म्हणून मराठीत 'भिजत घोंगडे' हा वाक्प्रचार रुळला. सकलादीवरून रुळलेला असा एखादा वाक्प्रचार त्यांनी दाखवावा.